वाटणीतली कल्पकता

पर्यावरणावरची मराठी पुस्तकं बहुधा दोन जातींची असतात. पहिल्या जातीत वितळणाऱ्या हिमनद्यांपासून सुरुवात होते आणि शेवटच्या पानापर्यंत वाचक स्वतःला गुन्हेगार समजू लागतो. दुसऱ्या जातीत यशोगाथा असतात: अमुक गाव टँकरमुक्त झालं, तमुक तरुणाने टाकाऊतून टिकाऊ बनवलं, आणि मुखपृष्ठावर हमखास सूर्योदय. हा संग्रह यातल्या कुठल्याच खणात बसत नाही, म्हणून प्रस्तावनेची विचारणा झाली तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. इथे लिहिणारी माणसं बंधाऱ्यावर, कचऱ्याच्या शेडमध्ये, ग्रामसभेच्या सतरंजीवर वर्षानुवर्षं बसलेली आहेत. त्यांच्या हकिगती त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. त्या हकिगतींच्या तळाशी मला काय दिसलं ते मी मांडतो, आणि जगात सध्या जे वारं वाहतंय त्यात अशा कामाला कितपत थारा आहे, तेही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाश्वत विकासातली कल्पकता म्हटली की आपल्याला एखादं उपकरण आठवतं. सौरचूल, ठिबकची नळी, प्लास्टिकपासून बनवलेली वीट. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनापासून मंत्रालयातल्या सादरीकरणापर्यंत टाळ्या मिळतात त्या उपकरणाला. महाराष्ट्रात जी कामं खरोखर टिकली ती मात्र जवळून पाहा. तिथे माणसांनी सगळ्यात जास्त डोकं चालवलंय ते वाटणीचे नियम बसवताना. कुणाला किती मिळायचं, कुणाचा नंबर आधी, आणि कमी पडलं तर कुणी सोसायचं. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, त्याला पेटंट मिळत नाही. म्हणून त्याला कुणी कल्पकताही म्हणत नाही.

खानदेशातली फड पद्धत घ्या. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर ती चालत आली. तिचं वय तीनशे-चारशे वर्षं सांगतात. परक्या माणसाला दिसतो तो दगडी बंधारा आणि त्याच्या अंगाने निघालेला पाट. त्यात स्थापत्याचा चमत्कार वगैरे काही नाही. गंमत आहे ती पाटाखालच्या जमिनीत. गावाची भिजणारी जमीन काही मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते, तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी एकाच जातीचं पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात ज्वारी किंवा गहू-हरभरा, एखादा फड पावसाच्या भरवशावर सोडलेला, आणि पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव. फडात पीक एकच असल्यामुळे सगळ्या शेतांना पाणी एकाच सुमाराला आणि एकाच मापाने लागतं. पाणी फिरवायला पाटकरी नेमलेला, पिकाची राखण करायला जागल्या, आणि दोघांवर पंच. शेतकऱ्याने रात्री-अपरात्री कंदील घेऊन आपलं बारं धरायला जायची गरज नाही.

आता खरी मेख. या पद्धतीत साधारणपणे प्रत्येक कुटुंबाची जमीन फडाफडांत थोडी-थोडी विखुरलेली असते. त्यामुळे उसाचा पैसा कुणा एकाच्या घरात जात नाही, आणि पाऊस दगा देतो तेव्हा त्याचा फटकाही कुणा एकाला बसत नाही. पाणी कमी आहे असं दिसलं की पंच ठरवतात, यंदा अमुक फड भिजवायचा नाही. कोरड्या राहिलेल्या त्या फडात प्रत्येकाचा थोडा-थोडा तुकडा असतो, पंचांचासुद्धा. निर्णय घेणाऱ्याला तो सोसावा लागतो, ही तरतूद जमिनीच्या नकाशातच करून ठेवलेली. शेतीशास्त्रात जमिनीचे तुकडे पडणं हा रोग समजला गेला. मुंबई प्रांताने १९४७ साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा केला, आणि उत्पादनाच्या हिशेबाने त्यात तथ्यही होतं. फडात मात्र तुकडा हाच विमा होता. हे ज्यांना सुचलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले आणि फडांची वीण सैल होत गेली, तरी काही ठिकाणी ती अजून तग धरून आहे.

अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरचे असे पाट, चराऊ कुरणं आणि मासेमारीचे किनारे अभ्यासले. सामाईक मालमत्ता एक तर सरकारने ताब्यात घ्यावी नाहीतर खाजगी करावी, तिसरा मार्ग नाही, या समजुतीला त्यांनी १९९० सालच्या ग्रंथात पुराव्यानिशी छेद दिला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्पेनमधल्या वालेन्सियाला आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं, आणि तिथे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच शेतकऱ्यांची भांडणं जागच्या जागी मिटवतात. युनेस्कोने त्याला वारशाचा दर्जा दिला आहे. आपला पाटकरी अशा मानापासून चार हात लांबच राहिला.

जुन्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. फडाचा न्याय जमीनवाल्यांपुरता होता. ज्याच्याकडे जमीन नाही तो त्या वाटणीत नव्हताच, आणि खेड्यात जमीन कुणाकडे नव्हती हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. बायकाही पंचांत नव्हत्या. म्हणून फडाच्या शेजारी मी नेहमी विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत ठेवतो.

साळुंखे पुण्याचे अभियंता आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात हजारो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडताना त्यांनी पाहिली. एवढ्या श्रमातून त्याच माणसांच्या शेतात पाणी का अडू नये, हा अभियंत्याला पडावा असाच प्रश्न त्यांना पडला. नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी तिच्यावर पाणी अडवलं आणि मुरवलं. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं. माळरान हिरवं झालं, पाहुणे यायला लागले. इथेच ते थांबले असते तर आणखी एक यशोगाथा झाली असती. त्यांनी पुढे जे नियम केले ते त्या बंधाऱ्यांपेक्षा कितीतरी धाडसी होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. तो ते जमीनवाल्याबरोबर वाट्याने वापरू शकेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही.

शेवटचा नियम पुन्हा वाचा. साखर कारखान्याच्या अध्यक्षपदावरून आमदारकीची शिडी चढता येते, अशा राज्यात सत्तरच्या दशकात एक माणूस म्हणतोय की सामाईक पाण्यावर ऊस नको. फक्त तंत्र पाहणाऱ्याला हे वेड वाटेल. उसाने पाणी ओढलं की माणशी वाटपाचं गणित दुसऱ्याच हंगामात कोसळतं, हे त्यामागचं साधं कारण. साळुंखे २००२ साली गेले. या तत्त्वांवर उभ्या राहिलेल्या साऱ्याच योजना टिकल्या असं नाही. माणशी पाण्याची कल्पना मात्र राज्याच्या पाणी धोरणाच्या प्रत्येक चर्चेत आजही कुणीतरी काढतंच, आणि बाकीचे अस्वस्थ होऊन विषय बदलतात.

नियमाशिवाय उपकरणाचं काय होतं, याचा धडा गिरवायला लांब जावं लागत नाही. शेततळ्याची मूळ कल्पना सोपी आहे. शेतावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी खड्ड्यात धरायचं आणि ताण पडेल तेव्हा एक-दोन पाणी द्यायचं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यानंतर नाशिक-अहिल्यानगरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात मे महिन्यात फिरून पाहावं. प्लास्टिकचं अस्तर लावलेली, घराएवढ्या खोलीची तळी काठोकाठ भरलेली दिसतात. मे महिन्यात पाऊस कुठला? काठावरून आत सोडलेला काळा पाइप उलट दिशेने धरून चालत गेलं की आपण विहिरीशी नाहीतर बोअरशी पोचतो. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात उन्हात ठेवलेलं, आणि त्यातला काही भाग रोज वाफ होऊन जाणारा. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याने बागेवर कर्ज काढलंय, आणि शेजाऱ्याने आधी उपसलं तर आपल्याला काही उरणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तळं खोदायला अनुदान मिळालं. ते कशाने भरायचं हा प्रश्न गावाने एकत्र बसून सोडवायचा होता, त्याला अनुदान नव्हतं.

विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. इंजिन काटकसरी झालं की कोळसा वाचत नाही, उलट इंजिनं वाढतात आणि एकूण खप वाढतो. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग लागते ती याच न्यायाने. आता सौरपंपाची लाट आहे. दिवसा वीज मिळते, बिल नाही, रात्री सापाविंचवाच्या भीतीत शेतात जायला नको. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच आहे आणि मी त्याच्या विरोधात बोलणार नाही. फक्त पंप चालवण्याचा खर्च शून्यावर आला की उपसा कुठे थांबवायचा हे सांगणारी शेवटची गोष्ट, म्हणजे वीजबिल, तीही गेली. हिवरे बाजारने या प्रश्नाला फार पूर्वीच हात घातला. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पाणलोटाची कामं तर झालीच. त्याखेरीज गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात यंदा कुठली पिकं बसतात. पाहायला येणारे बंधाऱ्यांचे फोटो काढून नेतात. ताळेबंद मांडायचं धैर्य नेणारे थोडे.

हे फक्त पाण्यापुरतं नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. तिने २००८ साली महापालिकेशी करार केला. कराराचा गाभा असा: कचरावेचक बाई दारोदार कचरा गोळा करील, त्याबद्दल घरटी शुल्क तिला मिळेल, आणि त्यातून निघणारी रद्दी, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या विकून येणारे पैसेही तिचेच. शहराच्या उकिरड्यावर कालपर्यंत जिला चोर म्हणून हुसकावलं जायचं, तिचा त्या मालावरचा हक्क कागदावर आला. यंत्रांनी भरलेल्या ट्रकपेक्षा मला ही ओळ जास्त आधुनिक वाटते.

त्याच संस्थेने काढलेली आणखी एक युक्ती इतकी छोटी आहे की ती नजरेतून सुटते. वापरलेले सॅनिटरी पॅड लोक ओल्या-सुक्या कचऱ्यात तसेच कोंबतात, आणि वर्गीकरण करणाऱ्या बाईला ते हाताने उचलून वेगळे करावे लागतात. संस्थेने आवाहन केलं की ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल पेनाने एक ठिपका काढा. बस. पुडी उघडायची गरज नाही, ठिपका दिसला की ती बाजूला जाते. खर्च शून्य. यात शोध कशाचा लागला? चौथ्या मजल्यावर राहणारी बाई आणि खाली कचरा निवडणारी बाई एकमेकींना कधी भेटत नाहीत, त्या दोघींमध्ये निरोप पोचवायचा मार्ग सापडला. अर्थात ठिपका काढायचा कंटाळा करणारी घरं आजही भरपूर आहेत, आणि ती अडाणी घरं नाहीत.

उपकरणांना मी कमी लेखतो असा समज होऊ नये. पुण्याच्याच ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उसाचं पाचट जाळून टाकण्याऐवजी त्याचा कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याचं तंत्र बसवलं, नंतर शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ अन्नावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र केलं: एका प्लास्टिकच्या टाकीत दुसरी उपडी टाकी. दोन्ही कामांना ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला, २००२ आणि २००६ साली. कर्वे यांची बुद्धी पहिल्या प्रतीची, यात वाद नाही. तरी ज्या घरात अशी टाकी बसते तिथे पहिल्या महिन्यानंतर प्रश्न उरतो तो घरातल्या वाटणीचाच: रोज सकाळी तिला कोण भरवणार? उत्तर बहुतेक वेळा ‘आई’ असं येतं, आणि आईला आधीच काम कमी नसतं.

आता जगाकडे वळतो. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल आला आणि शाश्वत विकास हा शब्द सरकारी भाषेत रुळला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं आणि त्यांखाली १६९ लक्ष्यं ठरवली. त्याच वर्षी पॅरिस करार झाला. तिथून पुढची दहा वर्षं मोजमापाची गेली. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा आयातीवर कार्बनचा हिशेब मागायला ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे लागू झाले. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदारापर्यंत आता प्रश्नावल्या पोचतात, आणि त्या भरून देणाऱ्या सल्लागारांचा एक नवा धंदा जोरात आहे. अहवालांची भाषा तर इतकी एकसारखी झाली आहे की आता ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतले जातात तेव्हा फरक कळत नाही.

त्याच वेळी वारं फिरलंही. २०२४ हे औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. बरोबर त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून अमेरिकेतल्या बड्या बँका निव्वळ-शून्य उत्सर्जनाच्या आघाडीतून एकेक करून बाहेर पडल्या, आणि २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर पहिल्याच दिवशी सही केली. वरून आलेला उत्साह वरूनच आटतो, हे यातून पुन्हा दिसलं. बँकेने आघाडी सोडली म्हणून पुण्यातली कचरावेचक बाई काम सोडत नाही. तिचा करार न्यूयॉर्कशी नाही.

मोजमाप हवंच. हिवरे बाजारचा ताळेबंद हेही मोजमापच आहे. माझी तक्रार एवढीच की प्रश्नावलीच्या चौकोनात घनमीटर बसतात, सभा बसत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बातमी झाली ती त्या दिवसाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांबरोबर गावाने त्याआधी किती वर्षं अभ्यासगटात बसून कायदा वाचला, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा म्हणून किती निर्णय लांबणीवर टाकले, त्याची बातमी होत नाही. एकाचा विरोध आहे म्हणून सगळं गाव थांबतं, ही गोष्ट कार्यक्षमतेच्या कुठल्याही निकषावर नापासच होईल. त्या थांबण्यामुळेच पुढे तो निर्णय कुणी मोडत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे बियाणं देतात तेही दुपटीने परत करण्याच्या बोलीवर. त्यांची पद्मश्री बियाण्याला मिळाली असं आपण समजतो. माझ्या मते ती त्या बोलीलाही मिळाली आहे.

या संग्रहातले लेख एका दमात वाचण्यासारखे नाहीत. काहींत हिशेबाची पानं आहेत, काहींत भांडणं आहेत, दोन-तीन ठिकाणी लेखकांचं आपसातही जमत नाही. संपादकांनी ते मतभेद तसेच ठेवले, हे मला आवडलं.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावात बंधाऱ्याच्या पाण्याचे, गायरानाचे, देवराईचे, तळ्यातल्या मासळीचे काही नियम चालत असतील किंवा आजोबांच्या काळापर्यंत चालत आले असतील, तर ते लिहून काढा. बहुतेक नियम तोंडीच होते, आणि ते ज्यांना पाठ आहेत त्यांची वयं झाली आहेत. गावाचं नाव, नदीचं किंवा ओढ्याचं नाव, पाटकरी कोण होता, आणि पाणी कमी पडलं त्या वर्षी काय ठरलं, एवढं असलं तरी पुरे. भाषेची काळजी करू नका, आणि जे नियम अन्यायाचे होते तेही गाळू नका.